मुलाचं वाचन ऐकायला बसताना

प्राथमिक शाळेतल्या मुलांना वाचायला मदत करावी असं पुष्कळ जणांना वाटतं. वेळ असतो, मुलं आवडत असतात. तरी पाऊल अडतं ते एका शंकेपाशी: "मी काही शिक्षक नाही, मला हे जमणार का?" जमेल, असं मी ठामपणे सांगेन. या कामात शिकवणं थोडं आणि ऐकणं फार आहे.

हिशेब करून पाहा. वर्गात चाळीस मुलं आणि तास चाळीस मिनिटांचा. त्या तासात दुसरं काहीच केलं नाही, तरी एका मुलाच्या वाट्याला मोठ्याने वाचून दाखवायला एकच मिनिट येतं. आणि वाचन वाचूनच येतं. एका मुलासाठी सलग पंधरा मिनिटं कान राखून ठेवणं उत्तमातल्या उत्तम शिक्षकालाही वर्गात शक्य होत नाही. ते आपल्याला शक्य असतं.

पण हे ऐकणं वाटतं तितकं सरळ नाही. मूल एखाद्या शब्दावर थांबलं की आपल्याला राहवत नाही, आपण शब्द सांगून मोकळे होतो. मूल पुढे जातं, आपल्यालाही मदत केल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात त्या क्षणी मुलाच्या हातातलं काम आपण काढून घेतलेलं असतं. कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं हे कळायला हवं असेल, तर त्या थांबण्याच्या वेळात मुलाच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते आधी समजून घ्यावं लागतं.

अडखळण्याच्या आत काय असतं

बोलणं मूल आसपासच्यांचं ऐकून उचलतं, त्यासाठी कुणी वर्ग घेत नाही. वाचन असं आपोआप येत नाही. माणूस बोलतो आहे फार प्राचीन काळापासून, लिहितो आहे जेमतेम पाच हजार वर्षं. तेवढ्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा तयार होणं शक्य नव्हतं. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांची मांडणी अशी आहे की, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागांपैकी मेंदूच्या डाव्या बाजूचा, मागचा-खालचा एक तुकडा शिकण्याच्या ओघात अक्षरांच्या कामाला जुंपला जातो. ही जुळवाजुळव प्रत्येक मुलाला पहिल्यापासून करावी लागते. आईवडील कितीही शिकलेले असोत, ती वारशाने मिळत नाही. "एवढं साधं कसं वाचता येत नाही?" हा प्रश्न म्हणूनच मुलावर अन्याय करणारा आहे. ते साधं आपल्याला वाटतं, कारण आपली जुळवाजुळव होऊन कित्येक वर्षं लोटलेली असतात.

आता "घर" हा शब्द घ्या. मुलाला घ येतो, र येतो. ते म्हणतं, "घ... र..." सुटी अक्षरं म्हटली की दोन्हींच्या शेवटी 'अ' ऐकू येतो. बोलताना मात्र आपण शेवटचा 'अ' गिळून "घर्" म्हणतो. हे कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं. "करवत"मध्ये तर शेवटच्या त बरोबर मधल्या र चाही 'अ' गळतो. म्हणजे अक्षरं बरोबर ओळखूनही काम संपलेलं नसतं. उमटलेला आवाज मुलाला आपल्या ओळखीच्या शब्दांशी ताडून पाहावा लागतो: घ-र, घ-र... घर! हा शेवटचा उद्गार ज्याने जवळून ऐकला आहे, त्याला मुलाला थांबू देणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

देवनागरीत आणखीही वळणं आहेत. "चिमणी"तली पहिली वेलांटी च च्या आधी दिसते आणि तिचा आवाज च च्या नंतर येतो. "पर्वत"मध्ये रफार बसतो व च्या डोक्यावर, उच्चारायचा मात्र व च्या आधी. म्हणून मुलं "पवर्त" वाचतात. त्यांनी डोळ्यांना दिसलेला क्रम इमानाने पाळलेला असतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यात फरक केवढासा! शिवाय "चहा"तला च वेगळा, "चमचा"तला वेगळा, लिहायला दोन्ही एकच.

कुठल्याही लिपीत हे काम एका वेगाने होत नाही. फिलिप सीमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली युरोपातल्या भाषांची तुलना प्रसिद्ध केली. फिनिश मुलं पहिल्या वर्षाच्या शेवटी सोपे शब्द जवळजवळ बिनचूक वाचत होती, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना तेवढ्याच काळात निम्मे शब्दही जमत नव्हते. फिनिशमध्ये एका अक्षराला एक आवाज ठरलेला, इंग्रजीत तसा नाही. आपल्या लिप्यांची अडचण तिसरीच आहे. आवाज बऱ्यापैकी ठरलेले, पण बाराखडी आणि जोडाक्षरं धरली तर ओळखायच्या आकृत्या शेकड्यांनी. सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांचा अभ्यास केला (२००७), त्यात अक्षरं पक्की होण्याचं काम चौथीपर्यंत चालूच असल्याचं दिसलं. तिसरीतलं मूल जोडाक्षरावर अडतं तेव्हा ते मागे पडलंय असा निष्कर्ष लगेच काढू नये.

आता त्या थांबण्याकडे परत येऊ. संशोधक डेव्हिड शेअर यांनी १९९५ साली एक विचार मांडला, आणि मला तो या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो. मूल एखादा नवा शब्द स्वतः फोडून, जुळवून वाचतं तेव्हा ते स्वतःलाच एक धडा देत असतं. अक्षरं, आवाज आणि अर्थ यांची गाठ तिथे बसते. असं काही वेळा झालं की पुढच्या वेळी तो शब्द जुळवावा लागत नाही, बघताक्षणी ओळखू येतो. आपण घाईने शब्द पुरवला तर वाक्य पुढे सरकतं, पण गाठ बसत नाही. तोच शब्द पुढच्या पानावर आला की मूल पुन्हा आपल्या तोंडाकडे बघतं.

वाचता येतं, पण कळत नाही. कळतं, पण वाचता येत नाही

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाचं एक सुटसुटीत गणित मांडलं. वाचलेलं समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखण्याची क्षमता गुणिले ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता. यातला गुणाकार महत्त्वाचा. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य, दुसरी बाजू कितीही भक्कम असो.

स्वयंसेवकाला याचा फार उपयोग होतो. एखाद्या मुलीला उतारा कळत नाही असं दिसलं, तर तोच उतारा आपण तिला वाचून दाखवायचा आणि प्रश्न विचारायचे. आता भराभर उत्तरं आली तर भाषा तिच्याकडे आहे, अडचण अक्षरांपाशी आहे. ऐकूनही कळलं नाही तर अडचण शब्दांची, विषयाची किंवा त्या भाषेची आहे, आणि अक्षरं कितीही घोटली तरी ती सुटणार नाही. पाच मिनिटांत होणारी ही पडताळणी आपली कितीतरी महिन्यांची चुकीच्या दिशेची मेहनत वाचवते.

विषयाची ओळख किती फरक पाडते याचं एक नेमकं उदाहरण १९८८ सालचं आहे. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं त्या उताऱ्यात वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणून पुस्तक निवडताना मुलाला कशात रस आहे ते विचारावं. किडे, रेल्वे, क्रिकेट, भुतं, काहीही चालेल. त्या विषयातलं त्याचं ज्ञान वाचनाला हात देतं.

वेगाचाही संबंध समजण्याशीच आहे. डेव्हिड लाबर्ज आणि जे सॅम्युएल्स यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की लक्ष मर्यादित असतं. ते सगळं अक्षरं जुळवण्यात खर्च झालं तर अर्थासाठी काही उरत नाही. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. अडखळत वाचणाऱ्या मुलाला "काय वाचलंस सांग" म्हटल्यावर ते गप्प का होतं, त्याचं उत्तर यात आहे. ते मठ्ठ नसतं, थकलेलं असतं.

प्रत्यक्ष बसल्यावर

सुरुवातीला मूल कुठल्या पायरीवर आहे ते पाहायचं. अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या पायऱ्या धरल्या तर पुरेसं आहे. इयत्तेकडे बघून पुस्तक काढू नका. चौथीतल्या मुलाला सोपे शब्दच जमत असतील तर शब्दांपासूनच सुरुवात करायची, फक्त पुस्तक बाळबोध दिसणारं नको. वर्गमित्रांसमोर त्याला मान खाली घालावी लागू नये, हे मी पायरीइतकंच महत्त्वाचं मानते. ढोबळ अंदाजासाठी, शंभर शब्दांत पाच-सहापेक्षा जास्त अडत असतील तर ते पुस्तक एकट्याने वाचायला अजून जड आहे. ते आपण वाचून दाखवायचं आणि मुलाच्या हाती हलकं द्यायचं.

बसायचं शेजारी, समोर नाही. पुस्तक मुलाच्या हातात, पानंही त्यानेच उलटायची. बोट ठेवून वाचत असेल तर वाचू द्यावं. ओळ हरवू नये म्हणून तो आधार असतो, गरज सरली की आपोआप सुटतो.

मूल अडलं की चार-पाच सेकंद थांबा. मनात पाच आकडे मोजा, कारण ही पाच सेकंदं आपल्याला फार लांबलचक वाटतात. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंसेवकांसाठी आणि पालकांसाठी जी पद्धत बसवली गेली, तिचा क्रम असाच आहे: थांबा, सुचवा, शाबासकी द्या. थांबून जमलं नाही तर सुचवायचं. "पहिलं अक्षर कुठलं? पुढे काय आहे? आता जोडून म्हण." जोडाक्षर असेल तर बोटाने उरलेला शब्द झाकून एकेक तुकडा उघडायचा. तरीही नाही जमलं तर शब्द सांगायचा, मुलाकडून एकदा म्हणवून घ्यायचा, आणि वाक्य पहिल्यापासून वाचू द्यायचं. शब्द सांगणं गैर नाही, घाईने सांगणं गैर आहे.

एक सल्ला मात्र देऊ नका, जरी तो सर्रास दिला जातो: "चित्र बघ आणि ओळख." चित्रात माकड आहे आणि शब्द "वानर" आहे. मूल "माकड" म्हणून मोकळं होतं, वाक्यही जुळतं, पण अक्षरांकडे त्याने पाहिलेलंच नसतं. पुढे चित्रं नसलेली पुस्तकं येतात तेव्हा ही सवय अंगाशी येते. चित्रावर गप्पा जरूर माराव्यात. शब्द वाचायचा तो अक्षरांवरून.

प्रत्येक चूक दुरुस्त करण्याची गरज नसते. मुलाने वाक्य संपवून स्वतःच मागे येऊन दुरुस्ती केली, तर ती दिवसातली सर्वांत मोठी कमाई समजा आणि तसं बोलून दाखवा: "तुझं तुलाच कळलं की काहीतरी चुकतंय, परत जाऊन बरोबर वाचलंस." नुसतं "छान, छान" म्हटल्याने मुलाला नेमकं काय छान झालं ते कळत नाही.

आणि चूक कशाला म्हणायचं, याचाही विचार हवा. पुस्तकात "पाणी" आहे आणि मूल "पानी" म्हणतं. घरी तसंच बोलत असतील तर त्याने शब्द बरोबर वाचला आहे. अक्षरावरून तो अर्थापर्यंत पोचला, आणि तो अर्थ त्याच्या घरच्या आवाजात बाहेर आला. तिथे टोकलं की मुलाला संदेश मिळतो तो एवढाच, की या पुस्तकात आपलं बोलणं चालत नाही. मी त्या जागी काही म्हणत नाही, आणि इतरांनीही म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. मी वाचून दाखवते तेव्हा "पाणी" म्हणते, ते त्याच्या कानावर पडतंच.

मूल फारच चाचरत असेल तर जोडीने वाचा. दोघांनी एकाच वेळी, मुलाच्या वेगाने, मोठ्याने वाचायचं. एक खूण ठरवायची, समजा टेबलावर टिचकी. मुलाने टिचकी मारली की आपण गप्प, ते एकटं वाचणार. अडलं आणि काही सेकंदांत निघालं नाही की शब्द सांगून पुन्हा दोघं बरोबर. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात कीथ टॉपिंग यांनी या पद्धतीचा मोठा प्रसार केला. सूत्रं मुलाच्या हातात राहतात, ही तिची खरी ताकद आहे. टिचकी मारून आपल्याला गप्प करताना मुलांच्या चेहऱ्यावर जो रुबाब येतो तो बघण्यासारखा असतो.

तोच उतारा पुन्हा वाचायला लाजू नका. सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये हा साधा उपाय पुढे आणला. एकच लहान उतारा तीन-चार वेळा वाचला की वेग वाढतो, अडखळणं कमी होतं, आणि अर्थाकडे लक्ष द्यायला सवड मिळते. मुलाला स्वतःचा फरक स्वतःच्या कानांनी ऐकू येतो, हा त्यातला वेगळा लाभ.

शेवटची काही मिनिटं आपण वाचायचं आणि मुलाने ऐकायचं. हा वेळ वाया जात नाही. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट एरन्स यांनी १९८८ मध्ये मोजून दाखवलं की मुलांच्या पुस्तकांत जितके कमी वापरातले शब्द भेटतात, तितके शिकलेल्या मोठ्या माणसांच्या गप्पांतही भेटत नाहीत. गुणाकाराची दुसरी बाजू अशी भरत जाते. वाचता वाचता प्रश्न विचारावेत, पण परीक्षेचे नकोत. "कोल्ह्याचं नाव काय होतं?" यापेक्षा "तो खोटं का बोलला असेल?" यावर मूल जास्त बोलतं. उत्तर आपल्या मनातलं नसलं तरी ऐकून घ्यावं.

स्वयंसेवकांमुळे खरंच फरक पडतो का?

पडतो, पण आपोआप नाही. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावातल्याच तरुण स्वयंसेवकांना थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन वाचनवर्ग चालवले होते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर तपासणी केली आणि २०१० साली ती प्रसिद्ध झाली. जी मुलं वर्गांना आली त्यांच्या वाचनात ठळक सुधारणा झाली. मात्र गावातल्या मुलांपैकी थोडीच आली. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुढे मुलांना इयत्तेऐवजी पायरीप्रमाणे एकत्र बसवण्याची पद्धत शाळांच्या वेळातच नेण्यावर भर दिला गेला.

उशीर का परवडत नाही, याचं कारण कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये दाखवलं. ज्याला वाचता येतं ते मूल जास्त वाचतं, जास्त शब्द कमावतं, म्हणून आणखी सहज वाचतं. ज्याला जमत नाही ते टाळतं, आणि दरी वाढत जाते. दुसरीत लहान असलेलं अंतर पाचवीत इतर विषयांतही दिसू लागतं, कारण तोवर गणिताचं उदाहरणसुद्धा वाचूनच समजून घ्यायचं असतं.

म्हणून नियमितपणाला पर्याय नाही. आठवड्यातून एकदाच जमणार असेल तर एकदाच कबूल करा, पण तो वार चुकवू नका. मूल वाट बघतं. येता येणार नसेल तर आधी निरोप द्या, आणि काम थांबवणार असाल तर मुलाला तसं सांगून निरोप घ्या.

शाळेचे नियम पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचे. मुलाबरोबर बसायचं ते इतरांना दिसेल अशा जागी, बंद खोलीत कधीच नाही. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, भेटवस्तू द्यायच्या नाहीत, शाळेबाहेर परस्पर संपर्क ठेवायचा नाही. मुलाने घरचं काही काळजी वाटावी असं सांगितलं तर गुपित ठेवण्याचं वचन देऊ नये. शांतपणे ऐकावं आणि त्याच दिवशी शाळेने नेमून दिलेल्या व्यक्तीच्या कानावर घालावं. ओळखपत्र, पोलीस पडताळणी मागितली तर मनाला लावून घेऊ नका. जी शाळा विचारपूस करते ती मुलांची काळजी घेते.

काही गोष्टी आपल्या हातातल्या नसतात. पुस्तक डोळ्यांच्या फार जवळ धरणं, डोळे बारीक करणं, सारखं डोकं दुखणं, हाक मारल्यावर लक्ष न जाणं, हे दिसलं तर शिक्षकांना सांगा. पुष्कळदा प्रश्न चष्म्याचा किंवा कानाचा निघतो. नियमित मदत मिळूनही अक्षरं आणि आवाज यांची जुळणी होतच नसेल, काल पक्का झालेला शब्द आज पुन्हा परका वाटत असेल, तर हे वाचन-अक्षमतेचं (डिस्लेक्सियाचं) लक्षण असू शकतं. पण ते ठरवणं तज्ज्ञांचं काम आहे. आपण पालकांसमोर डिस्लेक्सिया हा शब्दही उच्चारू नये. काय दिसलं तेवढंच, तारखेसह, शिक्षकांना द्यावं.

त्यासाठी एक छोटी वही ठेवा. आज काय वाचलं, कुठे अडलं, कुठे स्वतः दुरुस्त केलं, पुढच्या वेळी कोणतं पुस्तक हवं म्हणाला, एवढ्या चार ओळी. ती वही वर्गशिक्षकांना अधूनमधून दाखवा. चाळीस मुलांमध्ये त्यांना न दिसलेलं बरंच काही त्या ओळींत असतं, आणि आपल्याला न कळलेलं बरंच काही शिक्षक सांगू शकतात.